सूत्रें कोणाच्या हातीं? : जपानी चित्रपटांतील यंत्रभयाचा इतिहास

इ. स. १९५६ सालीं 'शोनेन' या जपानी बालमासिकांत मित्सुतेरु योकोयामा या तरुण चित्रकाराची एक चित्रकथा सुरू झाली. तिचें नांव 'तेत्सुजिन २८-गो', म्हणजे 'पोलादी पुरुष क्रमांक २८'. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत जपानी सैन्यासाठीं गुप्तपणें आंखलेला हा अवाढव्य यंत्रमानव युद्ध संपल्यावर जगापुढें येतो. त्याला मन नाहीं, बरेंवाईट कळत नाहीं. दुरून त्याला चालविणारा एक लहानसा खोका आहे. तो खोका शोतारो कानेदा या मुलाच्या हातांत असेपर्यंत पोलादी पुरुष नगराचें रक्षण करतो. तोच खोका दरोडेखोरांच्या हातीं लागला, तर तेंच पोलादी अंग त्याच नगरावर चालून जातें. यंत्र साधु कीं दुष्ट, हा प्रश्न या कथेंत निघतच नाहीं. खोका कोणाजवळ आहे, एवढेंच पाहावयाचें असतें.

कथा मुलांची होती. प्रश्न मात्र मुलांपुरता राहिला नाहीं. पुढें चाळीस वर्षें जपानी चित्रकथाकार आणि चित्रपटकार तो पुन्हां पुन्हां विचारीत राहिले, आणि दर वेळीं खोक्याची जागा बदलत गेली.

रेखाटलेल्या चित्रांस गति देऊन केलेल्या चित्रपटांस जपानांत 'अ‍ॅनिमे' म्हणतात. सुशिक्षित घरांतहि त्यांस मुलांची करमणूक समजून सोडून देण्यांत येतें, आणि त्यांतील पुष्कळसे आहेतहि तसेच. परंतु १९८८ पासून १९९८ पर्यंतच्या दहा वर्षांत असे कांहीं अ‍ॅनिमेपट निघाले, कीं मनुष्याची स्मृति कोणाची, त्याचा देह कोणाचा, असले प्रश्न त्यांत एखाद्या दर्शनग्रंथाच्या गांभीर्यानें मांडलेले आढळतात. या जातीच्या कृतींस 'सायबरपंक' असें नांव आहे. शब्द अमेरिकन आहे. ब्रूस बेथ्की यांच्या १९८३ सालीं छापलेल्या एका कथेचें तें शीर्षक. विल्यम गिब्सन यांच्या १९८४ सालच्या 'न्यूरोमॅन्सर' या कादंबरीनें ही तऱ्हा सर्वतोमुखीं केली. संगणकाची विद्या शिखरास पोंचलेली आणि माणसाची दशा मात्र गटारांत, असें भविष्य या वाङ्मयांत रंगविलेलें असतें. गमतीची गोष्ट ही, कीं अमेरिकन लेखकांच्या त्या भविष्यांत जगावर सत्ता गाजविणाऱ्या कंपन्या बहुधा जपानी असत. एका देशाचें भय म्हणजे दुसऱ्या देशाचा उत्कर्ष! जपानी कलावंतांनीं तोच साचा उचलला, पण परक्याच्या भयानें तो भरला नाहीं. स्वतःच्या घरांतील भय त्यांत ओतलें.

वास्तविक जपानी मनाला यंत्राची उपजत भीति नाहीं. फेब्रुवारीच्या ८ तारखेस मोडक्या सुया मऊ तोफूच्या वडींत खोंचून त्यांचे आभार मानण्याचा विधि तेथें आहे. आपल्या खंडेनवमीची ही लांबची बहीणच म्हणावी. शंभर वर्षें वापरांत राहिलेल्या वस्तूंत जीव येतो, अशी तेथील जुनी लोकसमजूत. कारेल चापेक यांचें 'आर्. यू. आर्.' हें नाटक, ज्यानें जगाला 'रोबो' हा शब्द दिला, तें १९२४ सालीं टोकियोच्या त्सुकिजी नाट्यगृहांत झालें. त्यांत राबविलेले कृत्रिम मानव बंड करून मनुष्यजात नष्ट करतात. चारच वर्षांनीं, १९२८ सालीं, माकोतो निशिमुरा या जीवशास्त्रज्ञांनीं क्योतो येथील प्रदर्शनांत जणूं त्या नाटकास उत्तर मांडलें. त्यांच्या यंत्रमूर्तीचें नांव 'गाकुतेन्सोकु', म्हणजे निसर्गनियमांपासून शिकणारा. दाबलेल्या हवेच्या जोरावर ती मूर्ति डोळे हालवी, स्मित करी आणि हातांतील लेखणी चालवी. तिला राबविण्याचा हेतूच नव्हता. मग ती बंड कशाला करील?

युद्धानंतर हा भोळा विश्वास टिकला, हें आश्चर्य. ज्या देशावर १९४५ सालीं दोन अणुबाँब पडले, त्याच देशांतील मुलांचा लाडका वीर सात वर्षांनीं अणुशक्तीवर चालणारा यंत्रबालक झाला, आणि त्याचें नांवहि 'आतोमु', म्हणजे अणु, असेंच ठेवण्यांत आलें. ओसामु तेझुका यांची ही चित्रकथा १९५२ सालीं सुरू झाली, आणि १९६३ च्या १ जानेवारीपासून ती दूरचित्रवाणीवर चलच्चित्रांच्या रूपानें दिसूं लागली. पण तेझुका हे वैद्यकाचे पदवीधर. त्यांची नजर कोवळी नव्हती. अपघातांत गेलेल्या आपल्या मुलाच्या जागीं डॉ. तेन्मा हें यंत्र घडवितो, आणि मुलगा वाढत नाहीं म्हणून चिडून त्याला सर्कशींत विकून टाकतो, असा या कथेचा आरंभ आहे. विज्ञान आणि माणुसकी यांच्यांतील तेढ दाखवावयाची असतां वाचकांनीं ती विज्ञानाची आरती म्हणून वाचली, याची खंत तेझुका यांनीं पुढें बोलून दाखविली.

भय जवळ येण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. १९५४ च्या १ मार्च रोजीं बिकिनी बेटावर अमेरिकेनें हायड्रोजन बाँबची चांचणी केली. तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडून तींतील २३ जण आजारी पडले, आणि त्यांपैकीं नौकेचा तारायंत्री त्याच वर्षीं मरण पावला. नोव्हेंबरांत 'गोजिरा' हा राक्षसपट टोकियोंत लागला, तो याच पार्श्वभूमीवर. आणि १९५६ सालीं मिनामाता येथें माणसें, मांजरें एका विलक्षण मज्जारोगानें तडफडत असल्याचें उघडकीस आलें. कारखान्याच्या सांडपाण्यांतील पारा माशांवाटे पोटांत जात होता. सरकारनें हें कारण मान्य केलें तें १९६८ सालीं. बारा वर्षें! यंत्र चालविणारे हात सर्वांना दिसत होते, पण त्यांस धरणारा कोणी नव्हता.

यानंतर १९८८ सालचा 'आकिरा' पाहावा. कात्सुहिरो ओतोमो यांनीं स्वतःच्याच चित्रकथेवरून तो केला. दीड लाखांहून अधिक चित्रें त्यासाठीं रंगविण्यांत आलीं. एका स्फोटांत टोकियो नाहींसें झालेलें आहे, आणि २०१९ सालीं त्याच्या शेजारीं उभ्या राहिलेल्या नव्या टोकियोंत पुढील वर्षीच्या ऑलिंपिकची तयारी चालली आहे. (खऱ्या टोकियोस २०२० चेंच ऑलिंपिक मिळालें, आणि महामारीमुळें तें वर्षभर पुढें गेलें, हा निव्वळ योगायोग.) ज्याच्यामुळें तो स्फोट झाला, तो आकिरा म्हणजे सरकारी प्रयोगशाळेंत ज्यांच्या मेंदूवर प्रयोग झाले अशा मुलांपैकीं एक. त्याचा क्रमांक २८, आणि चित्रपटाच्या नायकाचें नांव कानेदा! ओतोमो यांनीं योकोयामांच्या जुन्या बालकथेस केलेला हा उघड मुजरा आहे. परंतु मुजरा करतांना त्यांनीं तिचा पायाच काढून घेतला. आतां क्रमांक २८ पोलादी पुरुष नव्हे, एक कोंवळा मुलगा आहे, आणि त्याच्यासाठीं कोणी खोका बनविलेलाच नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ आणि सेनाधिकारी एवढेंच करूं शकतात, कीं त्याचे अवशेष ऑलिंपिकच्या क्रीडागाराखालीं गोठवून, कुलुपांत घालून ठेवणें. तीच शक्ति पुढें तेत्सुओ या हिणवल्या गेलेल्या पोरांत जागी होते, आणि शेवटीं त्याचें स्वतःचें शरीरहि त्याला आवरत नाहीं. शक्ति आहे, पण तिला सूत्र नाहीं, हें 'आकिरा'चें भय.

दुसऱ्याच वर्षीं, १९८९ सालीं, मामोरु ओशी यांच्या 'पॅटलेबर' या चित्रपटानें खोक्यास निराळीच जागा दिली. बांधकामाच्या राक्षसी यंत्रांत बसविलेल्या सॉफ्टवेअरमध्यें तें लिहिणाऱ्या होबा नांवाच्या माणसानेंच गुपचुप विष कालविलेलें असतें. वादळी वारा उंच इमारतींतून विशिष्ट स्वरानें घुमला, कीं यंत्रें पिसाळावीं, अशी ती योजना. आणि हा होबा चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगांत समुद्रांत उडी घेऊन मरतो! मेलेल्या माणसाच्या हातून खोका हिसकावून घ्यावयाचा कसा? कोणतेंहि यंत्र विकत घेणारा मनुष्य तें लिहिणाऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो, ही गोष्ट बहुतेक लोकांच्या लक्षांत येण्यापूर्वींच ती येथें सांगून झालेली होती.

पण या सर्व मालिकेंतील शिरोमणि म्हणजे ओशी यांचाच 'घोस्ट इन द शेल', म्हणजे 'कवचांतील पिशाच'. मासामुने शिरो यांच्या १९८९ सालच्या चित्रकथेवरून काढलेला हा चित्रपट १९९५ च्या १८ नोव्हेंबरास प्रदर्शित झाला. मूळ जपानी नांव निराळें आहे. हें इंग्रजी नांव आर्थर केस्लर यांच्या १९६७ सालच्या 'द घोस्ट इन द मशीन' या ग्रंथावरून सुचलें. तो शब्दप्रयोगहि केस्लर यांचा नव्हे. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानें १९४९ सालीं देकार्तच्या देह आणि आत्मा वेगळे मानणाऱ्या मताची टर उडविण्यासाठीं तो वापरला होता. थट्टेंतून जन्मलेला शब्द जपानांत जाऊन गंभीर झाला, असें क्वचितच घडतें.

कथाकाल २०२९. माणसांच्या मानेमागें तारा जोडण्याचीं छिद्रें आहेत. मेंदू सरळ संगणकाच्या जाळ्यास जोडतां येतो. नायिका मोतोको कुसानागी ही सरकारी गुप्त पोलीस दलांतील अधिकारी. तिच्या मेंदूचा थोडासा अंश सोडला, तर तिचें सर्व शरीर कारखान्यांत घडविलेलें आहे. माणसांच्या मेंदूंत शिरून त्यांस नाचविणाऱ्या एका अज्ञात गुन्हेगाराचा ती शोध करते. त्या गुन्हेगारास 'बाहुलीवाला' असें नांव पडलें आहे. जपानच्या बुनराकु खेळांत बाहुल्यांना दोऱ्या नसतात; एकेका बाहुलीस तीन तीन माणसें उघड्या रंगमंचावर उभीं राहून हातांनीं चालवितात, आणि प्रेक्षक त्यांस पाहूनहि पाहत नाहीं. चित्रपटांतील बाहुलीवाला मात्र कोठेंच उभा नाहीं.

त्यांतील एक प्रसंग असा आहे, कीं तो एकच पाहिला तरी चित्रपट पाहिल्यासारखें व्हावें. कचऱ्याच्या गाडीवरील एक साधा कामगार ठिकठिकाणच्या टेलिफोनांवरून एका सरकारी दुभाषिणीच्या मेंदूवर हल्ला करीत असतो. त्याची समजूत अशी, कीं घटस्फोट मागणाऱ्या आपल्या बायकोच्या मनांत काय आहे तें आपण पाहत आहों. मद्यगृहांत भेटलेल्या एका भल्या माणसानें त्यासाठीं हें साधन दिलें. त्याला एक लहान मुलगीहि आहे. तिच्या गोष्टी तो सोबत्यास सांगत असतो. पोलीस त्याला पकडतात आणि सांगतात, कीं तुला बायको नाहीं, मुलगीहि नाहीं. तूं एकटाच राहत आलास, आणि हा संसार दुसऱ्यानें तुझ्या डोक्यांत भरला. ज्या छायाचित्रांत मुलगी आहे असें तो मानीत होता, त्यांत तो आणि त्याचा कुत्रा एवढेच आहेत. तो रडूं लागतो, आणि एकच विचारतो, कीं ही आठवण पुसतां येईल काय? उत्तर मिळतें, कीं सध्यां तसा खात्रीचा उपाय नाहीं.

'आकिरा'ंतील स्फोटांत नगर जातें. येथें एका गरीब माणसाची मुलगी जाते, आणि ती कधीं नव्हतीच. दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवले, तर दुसरा अधिक भयंकर वाटतो. नगर पुन्हां बांधतां येतें.

यापुढें ओशी जें सांगतात, तें तर्काच्या दृष्टीनेंहि फार पुढचें आहे. नौकेवर बसलेली कुसानागी आपल्या सोबत्यास सांगते, कीं नोकरी सोडण्याचा हक्क आपल्याला आहे. फक्त हें शरीर सरकारला परत करावें लागेल, आणि त्या शरीरांत साठविलेल्या आठवणीहि. मिलिंदराजा आणि नागसेन यांचा संवाद आपल्याकडील वाचकांस माहीत आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जोखड म्हणजे रथ नव्हे. मग रथ तो कोठें? जो प्रश्न रथाचा, तोच 'मी'चा. बौद्ध विचाराच्या छायेंत वाढलेल्या जपानला हा प्रश्न नवा नाहीं, आणि 'मी' असा कोणी नाहीं, या उत्तरानें जपानी प्रेक्षक दचकलाहि नसेल. दचकण्याजोगें निराळेंच आहे. नागसेनानें राजाला असें विचारलें नव्हतें, कीं महाराज, या रथाचीं चाकें भाड्यानें आणलेलीं आहेत काय, आणि मालकानें तीं मागितल्यास आपण काय कराल? जुन्या तत्त्वज्ञानास भागांच्या मालकीचा विचार करण्याचें कारण पडलें नाहीं; विसाव्या शतकाला पडलें.

बाहुलीवाला शेवटीं हातीं लागतो, तो माणूस नसतोच. परराष्ट्र खात्यानें हेरगिरीसाठीं लिहिलेली ती एक संगणकाज्ञा असते, आणि जाळ्यांत हिंडतां हिंडतां तिला स्वतःची जाणीव झालेली असते. ती सरकारकडे आश्रय मागते, आणि युक्तिवाद असा करते, कीं मनुष्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य म्हणजे स्वतःला टिकविण्यासाठीं लिहिलेली आज्ञाच नव्हे काय? युक्तिवाद चतुर आहे. पण टीकाकारांनीं त्याला दिलेलें महत्त्व थोडें अधिकच झालें. यंत्राला आत्मा आहे कीं नाहीं, हा वाद चहाच्या टेबलावर रंगतो. कचरा-कामगाराचा प्रश्न त्याहून जवळचा, म्हणून तो टाळला जातो. सरकारनें लोकांना नाचविण्यासाठीं खोका बनविला आणि तो खोकाच चालता झाला, ही या कथेंतील राजकीय मेख आहे. शेवटच्या झुंजींत एक रणगाडा पडक्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीवर कोरलेल्या जीवसृष्टीच्या वृक्षावर गोळ्या झाडीत वर वर जातो, आणि अगदीं शेंड्यावरील 'मनुष्य' या अर्थाच्या लॅटिन शब्दापाशीं त्या थांबतात. एक शब्दहि न बोलतां ओशी येथें पुष्कळ बोलून जातात.

चित्रपट ज्या वर्षीं निघाला, तें वर्षहि ध्यानांत घ्यावयास हवें. १९९५ च्या १७ जानेवारीस कोबे येथें भूकंप होऊन सहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. अभेद्य समजला जाणारा उंच रस्ता आडवा झाला. २० मार्च रोजीं ओम् शिन्रिक्यो या पंथाच्या लोकांनीं टोकियोच्या भुयारी रेल्वेंत सारिन वायु सोडला. तो तयार करणारे विश्वविद्यालयांत विज्ञान शिकलेले तरुण होते. जमीनजुमल्याच्या तेजीचा फुगा त्यापूर्वींच फुटला होता. आणि चित्रपटानंतर पांचच दिवसांनीं, २३ नोव्हेंबरास, 'विंडोज ९५'ची जपानी आवृत्ति विक्रीस आली. दुकानांपुढें मध्यरात्रीं रांगा लागल्या. भीति आणि तारांचें जाळें एकाच हंगामांत घरांत शिरलीं.

घरांत शिरलेल्या या जाळ्याचें चित्र १९९८ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत टोकियोच्या दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या तेरा भागांच्या 'सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन' या मालिकेंत आहे. दिग्दर्शक र्‍युतारो नाकामुरा, लेखक चिआकि कोनाका. गच्चीवरून उडी घेऊन मेलेल्या एका शाळकरी मुलीकडून वर्गांतील मुलींना पत्रें येऊं लागतात; मी फक्त शरीर सोडलें, असें ती लिहिते. चौदा वर्षांची अबोल लेन तीं वाचते आणि हळूहळू जाळ्यांत ओढली जाते. मालिकेंत स्वतःला या जाळ्याचा देव म्हणविणारा एक पुरुष आहे. तो कथेंतील सर्वांत दुबळा भाग होय. खरा घाव दुसरीकडे आहे. लेनची एकुलती एक मैत्रीण आरिसु हिचें मनांतलें गुपित जाळ्यावर फुटतें, आणि एका दिवसांत सर्व शाळा तिच्याकडे पाहून कुजबुजूं लागते. कोणीं फोडलें? सर्वांनीं. प्रत्येकानें थोडें थोडें. खोका आतां एकाच्या हातीं नाहीं, सर्वांच्या हातांत त्याचे तुकडे आहेत, आणि म्हणून कोणालाच दोष देतां येत नाहीं. मैत्रिणीची ही यातना थांबविण्यासाठीं लेन सर्वांच्या आठवणींतून स्वतःलाच पुसून टाकते. कचरा-कामगारास जो उपाय मिळाला नाहीं, तो लेनला मिळतो. त्याची किंमत मात्र तिला स्वतःच्या अस्तित्वानें द्यावी लागते. आज ज्यांच्या घरांत चौदा वर्षांचीं मुलें हातांत दूरध्वनि घेऊन रात्रीं जागतात, त्यांना ही मालिका सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वींची आहे, हें सांगूनहि पटणार नाहीं.

हें भय चित्रपटगृहांतच राहिलें नाहीं. १९९९ सालीं जपानच्या संसदेनें कायद्यांत बदल केला, आणि २००२ च्या ऑगस्टांत सर्व रहिवाशांचीं नांवें, पत्ते, जन्मतारखा एका देशव्यापी संगणकजालांत जोडून प्रत्येकास ११ अंकी क्रमांक देण्यास आरंभ झाला. तेव्हां कित्येक नगरपालिकांनीं सामील होण्याचें किंवा सामील राहण्याचें नाकारलें. त्यांत टोकियोजवळचें कुनिताची होतें, आणि फुकुशिमा प्रांतांतील यामात्सुरी हें सुमारें सात हजार वस्तीचें डोंगराळ गांव होतें. यंत्रें करण्यांत आणि वापरण्यांत जगाच्या पुढें असलेल्या देशांत एका खेड्यानें संगणकाची तार जोडून घेण्यास नकार द्यावा, हें परदेशांत अनेकांस अडाणीपणाचें वाटलें. परंतु त्या लोकांची हरकत संगणकास नव्हती. आपली माहिती एकदां गेली, कीं ती कोण पाहील, हें आपणांस कळण्याचा मार्ग नाहीं, एवढेंच तक्रार करणाऱ्यांचें म्हणणें होतें.

प्रकरण न्यायालयांत गेलें. २००६ सालीं ओसाकाच्या उच्च न्यायालयानें, ज्यांची संमति नाहीं त्यांस या जाळ्यांत ओढणें घटनेविरुद्ध आहे, असा निर्णय दिला. २००८ च्या ६ मार्चला सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. माहिती बाहेर फुटण्याचा प्रत्यक्ष धोका दिसत नाहीं, असें न्यायमूर्तींचें मत पडलें. यामात्सुरीनें त्यानंतरहि सात वर्षें तार जोडली नाहीं. २०१५ च्या मार्चमध्यें तें गांव जाळ्यांत सामील झालें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरपासून जपानांतील घरोघरीं नवा १२ अंकी क्रमांक टपालानें पोंचूं लागला.